ऐ. म्हणजे ऐकू येत नाही

रूपराव मागच्या आठवड्यात घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाले, "वहिनी, यंदा दिवाळी अंकात शरयूताईंवर लिहा. तुमच्याइतकी जुनी ओळख दुसऱ्या कोणाची नाही."

रूपरावांचं वर्ध्यात लहानसं प्रकाशन आहे. त्यांची पुस्तकं आणि हा दिवाळी अंक, दोन्हींचं संपादन शरयूच करते. म्हणजे तिच्यावरचा हा लेखही तिच्याच पेन्सिलीखालून जाणार. मी अट घातली की यातला स्वल्पविरामसुद्धा तिने हलवायचा नाही. रूपराव हसले, पण कबूल झाले. म्हणून लिहायला बसले. नाहीतर ज्या बाईचा मला कॉलेजपासून हेवा वाटत आला, तिच्यावर लेख लिहायची हौस मला नव्हती.

दुसरं कारण असं की मला झोप येत नाही. मैत्रेयी, माझी मुलगी, आज अमरावतीला गेली आहे. तिच्या पुस्तकावर तिथल्या वाचनालयात उद्या सकाळी कार्यक्रम आहे. बस संध्याकाळची होती. एव्हाना पोचायला हवी होती, आणि फोन लागत नाही. घरातले बाकी सगळे निवांत झोपले आहेत. तर फोन येईपर्यंत शरयू.

शरयू केळझरची. गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर. घरची शेती, घरात माणसं पुष्कळ. ती रोज एसटीने वर्ध्याला कॉलेजात यायची. मी आर्वीकडच्या खेड्यातली, वसतिगृहात राहायची. दोघींचाही विषय मराठी. पहिल्याच वर्षी वर्गात मी उभी राहून म्हटलं, "सर, मले नाई समजलं," आणि मागच्या बाकावरच्या शहरी मुलींनी ते वाक्य पुढे आठवडाभर पुरवलं. मी खोलीत बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत वाचत माझी भाषा बदलली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी 'मला' आणि 'नाही' म्हणणारी मुलगी झाले. शरयूने काहीच बदललं नाही. ती सरळ विचारायची, "सर, हे काऊन असं?" सर तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे आणि कोणी हसायचं नाही. मला हसले आणि तिला का हसले नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या वार्षिकांकाची विद्यार्थी संपादक मी झाले. शरयू माझी मदतनीस होती. मी संध्याकाळवर एक कविता लिहिली होती, चांगली लांब. तिने ती वाचली, मधल्या एका ओळीखाली पेन्सिलीने बारीकशी रेघ ओढली आणि म्हणाली, "रीता, कविता इथं संपली."

"पुढे अजून दोन कडवी आहेत," मी म्हटलं.

"आहेत. पण ते तू आम्हाले समजावून राह्यली."

मी कविता पूर्ण छापली. संपादक मी होते. स्नेहसंमेलनात सरांनी ती व्यासपीठावरून वाचली, आणि नेमके त्या ओळीवर थांबले. पुढची दोन कडवी वाचलीच नाहीत. टाळ्या खूप पडल्या. शरयू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तिने नंतर त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

बी. ए. झाल्यावर माझं लग्न झालं. यांची नोकरी जिल्हा परिषदेत, घर सिंदी मेघेला. मैत्रेयी झाली. मी घरी मराठीच्या शिकवण्या घ्यायला लागले. सिंदी मेघेतल्या कितीतरी मुलांचं शुद्धलेखन माझ्या हाताखालून गेलं आहे. शरयूचंही लग्न झालं, ते जामच्या अंकुशशी. जामच्या चौरस्त्यावर त्याचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. तेव्हा मला, खरं सांगायचं तर, जरा बरं वाटलं होतं. वाटलं, आता ही नट-बोल्ट मोजत बसेल.

सुरुवातीला तिने खरोखर तेच केलं. मग रूपरावांच्या छापखान्यात मुद्रितं वाचायला माणूस हवा होता म्हणून ती आठवड्यातून काही दिवस वर्ध्याला यायला लागली. तेव्हा रूपरावांकडे पुस्तकं कमी आणि लग्नपत्रिका जास्त. एका लग्नात छापखान्यातल्या माणसाने त्याच घराण्याची जुनी पत्रिका समोर ठेवून नवी जुळवली. जुन्या पत्रिकेत दुसऱ्या कोणाच्या नावामागे 'कै.' होतं, ते नव्या पत्रिकेत नवरीच्या आजोबांच्या नावामागे येऊन बसलं. आजोबा स्वतः पत्रिका न्यायला आले होते आणि काउंटरला टेकून उभे होते. शरयू आतून कागद घेऊन बाहेर आली, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रूपरावजी, माणूस समोर उभा आहे आणि तुम्ही त्याले कैलासवासी करून राह्यले."

आजोबा म्हणाले, "राहू द्या बाई. तेवढाच कागद वाचेल, पुढं पुन्हा छापाले नको."

ही गोष्ट रूपराव आजही सगळ्यांना सांगतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रिका बाजूला ठेवून तिच्या हातात पहिलं पुस्तक दिलं.

ती पुस्तकावर कसं काम करते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती स्वतः वाचत नाही. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा अंकुश तिला वाचून दाखवतो. अंकुश बारावी नापास. पुस्तकाची त्याला ना आवड ना कंटाळा. तो पार्टांची यादी वाचावी तसं वाचतो, विरामचिन्हांसकट. "तो घरी आला स्वल्पविराम बसला स्वल्पविराम आणि रडला पूर्णविराम." इतकी वर्षं हेच करून त्याला अशी सवय लागली आहे की उधारी मागणाऱ्या ड्रायव्हरलाही तो सांगतो, "आज नाई भेटत, पूर्णविराम." शरयू डोळे मिटून समोर बसते. अंकुशची जीभ एकाच जागी दोनदा अडखळली की तिथे वाक्य मोडलेलं आहे, असं ती धरते. आणि जिथे कोणी पात्र बोलतं, पण तिला माणसाचा आवाज येत नाही, तिथे ती समासात लिहिते, 'ऐ.' म्हणजे ऐकू येत नाही. दुरुस्ती सुचवत नाही, पर्यायी शब्द देत नाही. फक्त ऐ. आणि एखादं पान पूर्ण ऐकू आलं तर म्हणते, "हं." या "हं"साठी नागपूर-चंद्रपूरचे लेखक जामला उतरतात आणि दुकानासमोरच्या टायरवर बसून राहतात.

एक निवृत्त वनाधिकारी आत्मचरित्र घेऊन आले होते. तिने पहिल्या प्रकरणातले बहुतेक 'मी' काढायला लावले. ते भडकले. "मग हे आत्मचरित्र कोणाचं म्हणायचं?"

"तुमचं नाव मुखपृष्ठावर आहे ना साहेब," ती म्हणाली. "लोकाईले समजते."

साहेब रागाने उठून बसथांब्यापर्यंत गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. बस नव्हती, हे कारण ते सांगतात.

तिचं नाव मात्र एकाही पुस्तकात नाही. लेखक ऋणनिर्देशात तिचे आभार मानतात, ती ते वाक्य खोडते. प्रत्येक पुस्तकात. मला हा गर्वाचाच एक प्रकार वाटत आला आहे.

आता मैत्रेयीचं. मैत्रेयी लहानपणापासून लिहायची आणि मला दाखवायची. मी लाल पेनाने दुरुस्त करून द्यायची. मुलीचं मराठी माझ्यासारखं नको, म्हणजे माझ्या आधीच्या मराठीसारखं नको, म्हणून घरात आम्ही शुद्धच बोलतो. कोणी 'मले' म्हटलं तर मी तिथल्या तिथे टोकते. यांना टोकून टोकून मी थकले, पण मैत्रेयी शिकली. एम. ए. झाली, आता कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तिने पहिली कथा लिहिली ती मला न सांगता रूपरावांकडे पाठवली. ती छापून आली तेव्हा मला कळलं.

त्यानंतर तिचे रविवार जामचे झाले. सकाळी निघायची, परतायला संध्याकाळ. त्या हायवेवर ट्रक कसे धावतात ते मी पाहिलेलं आहे. ती घरी येईपर्यंत माझा जीव फाटकात असायचा. यायची ती ग्रीसचा वास घेऊन आणि अंकुशच्या हातची, कोथिंबिरीची सांबारवडी खाऊन. घरी जेवायची नाही. तोंडात सारखं शरयूताई. शरयूताई म्हणाल्या हे वाक्य श्वास न घेता धावतंय. शरयूताई म्हणाल्या हा माणूस खोटा बोलतोय. मी एकदा म्हटलं, "मलाही वाचू दे की. मीही मराठीच शिकले आहे."

"देते ना आई," ती म्हणाली. "तू फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

शरयूला स्वतःचं मूल नसतं तर मी मनाची समजूत घातली असती. पण तिला मुलगा आहे, रजत. पुण्याला नोकरी करतो, चांगला आहे, आईला रोज फोन करतो. म्हणजे माझ्याकडे तेवढंही निमित्त नव्हतं.

या वर्षाच्या सुरुवातीला मैत्रेयीच्या कथांचं पुस्तक काढायचं ठरलं. एक दिवस जेवणाच्या टेबलावर तिने ऋणनिर्देशाचा कागद विसरून ठेवला. मी वाचला. कोणीही वाचला असता. त्यात लिहिलं होतं, 'शरयूताई, माझी दुसरी आई.' मी तो कागद जसा होता तसा ठेवला. रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं. हे निमूट जेवले.

त्याच आठवड्यात मैत्रेयी जामहून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, तुझ्यावरची कथा गळाली."

माझ्यावर कथा आहे, हेच मला माहीत नव्हतं.

"कोणी गाळली?"

"शरयूताई म्हणाल्या, ही अजून झाली नाही. पुस्तक पुढच्या महिन्यात छापायला जायचंय. तोवर झाली तर ठीक, नाहीतर राहू दे."

"कशावर आहे?"

"तू मला नागपूरच्या होस्टेलला पोचवायला स्टँडवर आली होतीस, त्या दिवसावर."

"मला वाच ना."

"नको," ती म्हणाली. "झाली नाहीये ना."

म्हणजे पुस्तकात ऋणनिर्देशात दुसरी आई, आणि आत पहिलीला जागा नाही. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी शिकवणीला सुट्टी दिली, गोरसपाक बिस्किटांचा एक पुडा घेतला आणि जामच्या बसमध्ये बसले.

अंकुश दुकानात कसलंतरी बेअरिंग पुसत होता. "या वहिनी, या. काऊन उभ्या राह्यल्या? बसा." मग आत तोंड करून, "शरयू, पाह्य कोण आलं. सिंदी मेघेवाल्या वहिनी."

शरयू बाहेर आली. केस पिकलेत, पण चेहरा कॉलेजातलाच. ऑइलच्या डब्यांच्या मधे तिचं टेबल. टेबलावर कागदांचे गठ्ठे, त्यांच्यावर वजन म्हणून पिस्टन.

"काऊन वं रीता, आज कशी वाट चुकली?"

"तू माझ्या मुलीची कथा का गाळलीस?" मी बसलेसुद्धा नव्हते.

"पहिले पाणी पी."

"आणि ते दुसरी आई काय आहे?"

"ते का? ते तर मी तवाच खोडलं."

माझा राग एकदम खाली आला. मी बसले. म्हटलं, निदान एवढं तरी हिला कळतं. "माझ्यासाठी खोडलंस?"

"तुझ्यासाठी काऊन?" ती म्हणाली. "वाक्य वाईट होतं. ज्याच्या त्याच्या पुस्तकात कोणी ना कोणी दुसरी आई असतेच. तिसरी कोणाची नसते, पाह्यलं का कधी?"

अंकुश दुकानातून हसला. मला हसू आलं नाही. हेही तिने माझ्यासाठी केलं नव्हतं.

"कथा दाखव," मी म्हटलं.

"कथा तुयी नाई. मैत्रेयीची आहे. तिनं तुले दाखवली नाई, मी कशी दाखवू?"

"माझ्यावर आहे ना. मग माझी नाही कशी?"

शरयूने गठ्ठ्यावरचा पिस्टन बाजूला केला. बाहेर एक ट्रक ब्रेक मारत थांबला आणि हॉर्न वाजवून गेला. मग तिने गठ्ठ्यातून एक पान काढलं आणि अंकुशला हाक मारली. "पूर्ण नाई. ही एक जागा ऐक, तुझ्याच तोंडची. अंकुश, इथून वाच."

अंकुशने हात पुसले, चष्मा लावला, पान लांब धरलं.

"आई खिडकीपाशी आली पूर्णविराम ती म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू बाळ स्वल्पविराम स्वतःची काळजी घे पूर्णविराम पोहोचल्यावर आवर्जून फोन कर पूर्णविराम अवतरण बंद. बस निघाली पूर्णविराम आई हात हलवत राहिली पूर्णविराम."

"बस," शरयू म्हणाली.

पान तिने अंकुशकडून परत घेतलं. समासात माझ्या प्रत्येक वाक्यापाशी पेन्सिलीने लिहिलेलं मला उलटं दिसत होतं. ऐ. ऐ. ऐ.

"मी असं म्हटलंच नव्हतं," मी म्हटलं.

"वाटलंच मले. आवर्जून म्हणते का कोणी, बस सुटून राह्यली तवा?"

"मी..."

तिने हात वर केला. "मले नको सांगू."

"का? तुला तर सगळं कळतं तिचं. लिही ना तिथे. मी सांगते, तू लिही, आणि कथा घे."

"मी लिहीत नाई रीता. इतक्या वर्षांत एका पुस्तकात एक शब्द माझा नाई. मी फक्त विचारते. आणि तू मले सांगितलं, तर ते माझ्या तोंडून तिच्यापाशी जाईन. ते मले नाई पाहिजे." ती गोरसपाकचा पुडा सोडत होती. "तिले सांग. तुले जमलं तर."

"मला न जमायला काय झालं?"

"मंग सांगजो," ती म्हणाली आणि एक बिस्किट माझ्यासमोर ठेवलं.

परतीच्या बसमध्ये मी सगळा रस्ता तेच घोळवत होते. सांगायला काय, एक वाक्य होतं. पण ते पुस्तकात जाणार. माझ्या शिकवणीच्या मुलांच्या आया ते वाचणार. ज्यांच्या मुलांनी 'मले' म्हटलं की मी त्यांना उभं करते, त्या आया. सासरचे वाचतील, मागच्या बाकावरच्या त्या मुलीही कुठे ना कुठे असतीलच. आणि नाही सांगितलं, तर पुस्तकात मी नाही. शरयूचं नाव नसलं तरी त्या पुस्तकाच्या पानापानावर तिचा कान असणार, आणि माझं कुठेच काही नाही.

घरी आले तेव्हा मैत्रेयी मेथी निवडत होती. मी तिच्या समोर बसले आणि एक जुडी ओढली.

"कुठे गेली होतीस?"

"जामला."

तिचे हात थांबले.

"तू खोटं लिहिलंस," मी म्हटलं. "मी स्टँडवर असं बोलले नव्हते."

"तुलाच चालणार नाही म्हणून शुद्ध लिहिलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि खरं सांगू? तू काय म्हणालीस ते मला माहीतच नाही."

"म्हणजे?"

"खिडकी बंद होती ना आई. ती उघडतच नव्हती, काच अडकली होती. इंजिन सुरू होतं. तू बसच्या बाजूने पळत होतीस आणि तुझं तोंड हलताना दिसत होतं. मला वाटलं तू रागावते आहेस. वाटलं, काहीतरी घरी विसरलं. नागपूरपर्यंत मी तेच शोधत होते, काय विसरलं."

मी मेथीकडे पाहत राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिने ऐकलं, सगळ्या स्टँडने ऐकलं, कंडक्टर हसला, आणि माझी मुलगी त्या दिवशी माझ्यामुळे लाजली. म्हणून आम्ही दोघींनी कधी तो विषय काढला नाही. आणि तिला ऐकूच आलं नव्हतं.

"मग सांग ना," मैत्रेयी म्हणाली. "काय म्हणालीस?"

आता सांगायला गेले तर वर्गात उभी राहिल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "अगं, पोचल्यावर फोन कर, असंच काहीतरी."

"असंच काहीतरी नको. काय म्हणालीस?"

"मैत्रू," मी म्हटलं, "फोन करजो वं. गाडीत झोपजो नको. फोन करजो." आणि आणखी एक होतं, तेही सांगून टाकलं. "मले करमणार नाई."

आतल्या खोलीत हे टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज कमी केला. एवढ्या वर्षांत त्या घरात माझ्या तोंडून 'मले' पहिल्यांदा ऐकलं असेल त्यांनी.

मैत्रेयी उठली नाही, गळ्यात पडली नाही, तशी ती नाहीच. तिने विचारलं, "आणि चप्पल तुटली होती ना तुझी?"

"तुटली नव्हती. निसटली होती. मागून येणाऱ्या एका बाईने आणून दिली."

"कसली होती?"

"चप्पल? निळ्या पट्ट्याची."

ती हात पुसून तिच्या खोलीत गेली. अर्धी मेथी तशीच राहिली, ती मी निवडली.

रविवारी ती कथा घेऊन जामला गेली. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. या वेळी ट्रकची काळजी कमी आणि दुसरी जास्त होती. संध्याकाळी ती आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "अंकुशकाका एकदा अडखळले. 'मले करमणार नाई'वर. पण शरयूताई म्हणाल्या, तिथे अडखळली ती त्याची जीभ नाही."

"आणि ती काय म्हणाली?"

"हं."

माझी कथा पुस्तकात गेली. शेवटून दुसरी आहे. मला वाटलं होतं की त्या दिवशी हेवा संपेल. तसं काही झालं नाही. कथा चांगली झाली आहे हे मैत्रेयीला शरयूच्या "हं"ने कळलं. मी वाचून रडले होते, ते तिच्या लेखी आईचं रडणं. पण एक फरक पडला. त्या पुस्तकात जे तीन-चार शब्द शरयूच्या कानालाही आणता आले नसते, ते माझे आहेत. ते मी सांगेपर्यंत जगात कुठे नव्हते. आता कधी पोटात दुखलं की मी तेवढं आठवते, आणि थोडं कमी दुखतं.

शिकवणीतल्या अपेक्षाची आई मागच्या महिन्यात पुस्तक हातात घेऊन आली. मी मनाची तयारी केली. ती म्हणाली, "मॅडम, मीबी अशीच पळलती हिच्या बसमागं, सहलीले गेलती तवा." मी तिला टोकलं नाही.

आता शेवटचं. शरयूची एक सवय आहे. पुस्तक छापून आलं की ती ते पुन्हा एकदा ऐकते, हातात पेन्सिल घेऊन. तिचं म्हणणं, एक तरी चूक राहिलेली असतेच. ती सापडली की तिला चैन पडतं. मैत्रेयीच्या पुस्तकात तिला चूक सापडली नाही. महिनाभर अंकुशकडून दोनदा वाचून घेतलं. तो वैतागला आहे, म्हणतो गिऱ्हाईक तुटून राह्यलं. मागे तिने मला फोन केला. "रीता, तुले काही दिसलं का वं?"

"मला कसं दिसणार?" मी म्हटलं. "मी तर फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते."

चूक आहे. मला पहिल्याच वाचनात दिसली. ऱ्हस्व-दीर्घाचीच आहे, त्यामुळे कानाला कळायची नाही, अंकुशने शंभरदा वाचलं तरी. तिला डोळे उघडावे लागतील. पान मी सांगणार नाही. रूपरावांनाही सांगितलेलं नाही, मैत्रेयीलाही नाही. शरयू, हा लेख तुझ्यासमोर येईल तेव्हा अट लक्षात ठेव, यात काही हलवायचं नाही.

हे लिहिता लिहिता फोन आला. मैत्रेयी पोचली. बडनेऱ्याच्या अलीकडे बसचा टायर बसला होता, फोनची बॅटरी गेली होती, ज्यांच्याकडे उतरली आहे त्यांच्या चार्जरवर आता लावला आहे.

"जेवलीस का?"

"हो आई. आणि ऐक, बस निघायच्या आधी शरयूताईंचा फोन होता."

"काय म्हणत होती?"

"विचारत होत्या, तुझ्या आईला चूक सापडली का गं. सापडली आहे का?"

"तू झोप आता. उद्या बोलायचं आहे तुला."

"सांग ना. त्यांना काय सांगू?"

"सांग तिला," मी म्हटलं, "शोधजो."